जर्मनीतला पहिला नाताळ आणि घरात दोन लहान मुलं

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही उन्हाळ्यात पुण्याहून श्टुटगार्टला आलात. मुलगी सहा वर्षांची, सप्टेंबरपासून पहिलीत. मुलगा तीन वर्षांचा, किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत. दुकानांत सप्टेंबरपासूनच नाताळाची बिस्किटं लागलीत आणि मुलं आत्तापासून विचारताहेत, "आपल्याकडे कोण येणार?" तुम्ही घरी कधी नाताळ केलेला नाही. करावा का, किती करावा, मुलीला सांताबद्दल खरं सांगावं का, आणि 'पोरं दिवाळी विसरतील' या सासूबाईंच्या काळजीचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. त्यापेक्षा सरळ तिकिटं काढून डिसेंबरात पुण्याला जावं का, हेही.

माझं उत्तर आधीच सांगते: करा, पण थोडं करा, आणि २५ तारखेवर भर देऊ नका. मी याच भागात बरीच वर्षं किटामध्ये शिक्षिका आहे आणि माझी मुलंही इथेच वाढली. लहान मुलांच्या लेखी इथला नाताळ हा एका दिवसाचा सण नाहीच, चार आठवडे वाट बघणं हाच सण आहे. आपल्याकडची नवीन आलेली घरं हौसेने २५ तारखेला केक आणतात, खेळण्यांचा ढीग मांडतात, आणि मुलं तरी हिरमुसलेलीच राहतात. कारण वर्गातली बाकीची मुलं महिनाभर ज्यात रमली होती, ते सगळं तोवर होऊन गेलेलं असतं. भेटवस्तू तर इथे २४ च्या संध्याकाळीच उघडतात.

ही वाट बघण्याची रीत मुळात मुलांसाठीच निघाली. हाम्बुर्गमध्ये योहान हिनरिष विखर्न नावाचे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे अभ्यासक निराधार मुलांची संस्था चालवत. मुलं रोज विचारून भंडावून सोडायची, नाताळ कधी? तेव्हा १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची. किती राहिल्या ते पोरांना डोळ्यांनी दिसायचं. आज घराघरांत जे चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं दिसतं, त्याचं मूळ हे. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. २०२६ मध्ये पहिला अ‍ॅडव्हेंट २९ नोव्हेंबरला आहे.

किटामध्ये हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुमचा मुलगा घरी येऊन काय बोलतोय याचा अंदाज येईल. डिसेंबरात सकाळी आठ वाजताही बाहेर धड उजाडलेलं नसतं. आम्ही खोलीतले दिवे मालवतो, मुलं गोल करून बसतात, मधे एक मेणबत्ती. मग दोरीवर टांगलेल्या २४ पिशव्यांतली त्या दिवसाची पिशवी ज्याची पाळी त्याच्या हातात. तीन वर्षांचं पोर सुतळीची गाठ सोडवत बसतं, बोटं वळत नाहीत, जीभ बाहेर येते, आणि एरवी दोन मिनिटं एका जागी न टिकणारी वीस मुलं चिडीचूप बघत असतात. आत काय निघतं? एक लाकडी मेंढी, एखादा चकचकीत खडा, कधी एक अक्रोड. मुलांना तेवढं पुरतं. ज्या घरांत २४ दिवस २४ खेळणी निघतात, तिथली मुलं दहाव्या दिवशी कंटाळलेली मी पाहिली आहेत.

म्हणून घरी २४ घरांचं कॅलेंडर जरूर करा, पण स्वस्तातलं. कापडी पिशव्या, रिकाम्या काड्यापेट्या, जुने मोजे, काहीही चालतं. दोन मुलांत एकच करा: विषम तारखा ताईच्या, सम तारखा धाकट्याच्या. निम्म्या पिशव्यांत वस्तू नको, चिठ्ठी ठेवा: 'आज रात्री गोष्ट दोनदा', 'आज अंधारात टॉर्च घेऊन फिरायला', 'आज चकलीचा सोऱ्या तू फिरवायचा'. सहा वर्षांची मुलगी नुकतीच अक्षरं शिकते आहे, तर तिच्या चिठ्ठ्या मराठीत लिहा. इथे मुलांना देवनागरी वाचायला बसवणं म्हणजे रोजचं युद्ध असतं. या २४ दिवसांत ती आपणहून वाचेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा दिवस. बाकी काही जमलं नाही तरी ६ डिसेंबर सोडू नका. तो संत निकोलाउसचा दिवस, चौथ्या शतकातले मायराचे बिशप. ते गाव आज तुर्कस्तानात आहे. ५ च्या संध्याकाळी मुलं आपले बूट स्वतः घासून-पुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात काहीतरी असतं. संत्री, अक्रोड, चॉकलेटचा एक छोटा निकोलाउस, बस. मोठी भेट ठेवायची नसते. खर्च फार तर दोन-तीन युरो, पण दुसऱ्या दिवशी किटाच्या दारातच मुलं एकमेकांना विचारतात, "तुझ्या बुटात काय होतं?" आणि ज्याच्या घरी हे कुणाला माहीतच नव्हतं, ते मूल बूट काढायच्या बाकावर खाली मान घालून बसतं. त्याला वाटतं आपणच काहीतरी वाईट वागलो. हे मी दर वर्षी एखाद्या तरी नव्याने आलेल्या मुलाच्या बाबतीत बघते आणि मला ते सोसवत नाही, म्हणून इतक्या आग्रहाने लिहितेय. २०२६ मध्ये ६ तारीख रविवारी आहे, तेव्हा ही विचारपूस सोमवारी होईल.

बूट घासण्याचा भाग मात्र गाळू नका. खाली वर्तमानपत्र पसरा, जुना टूथब्रश द्या, चिखल मुलांनाच काढू द्या. मुलांना खरी मजा त्यातच येते.

निकोलाउससोबत काही ठिकाणी क्नेष्ट रुप्रेष्ट नावाचा काठीवाला असतो, बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, आणि ऑस्ट्रियात शिंगांचा क्राम्पुस. ५ डिसेंबरच्या आसपास आल्प्सच्या गावांत क्राम्पुसच्या मिरवणुका निघतात, साखळ्या वाजवत, लोकांच्या अंगावर धावत. तीन वर्षांच्या मुलाला तिकडे नेऊ नका. आणि घरात 'नीट जेव नाहीतर तो येईल' हे तर अजिबात नको. भीती मुलाच्या मनात नाताळानंतरही राहते, आणि झोपेच्या तक्रारी मग जानेवारीत आमच्याकडे येतात.

सांताचं काय? आधी हे ध्यानात घ्या की तुमच्या भागात भेटी बहुतेक घरांत क्रिस्टकिंड, म्हणजे बाळ येशू, आणतो. तो कुणाला दिसत नाही. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे वाइनाख्ट्समान, म्हणजे लाल डगल्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा. एकाच वर्गात दोन्ही घरांतली मुलं असतात आणि त्यांची यावरून वादावादीही होते, तेव्हा तुमची मुलगी गोंधळली तर नवल नाही. क्रिस्टकिंडच्या घरी २४ च्या संध्याकाळी बैठकीच्या खोलीचं दार बंद असतं. मुलं बाहेर ताटकळत. आतून छोटी घंटा वाजते, दार उघडतं, झाडाचे दिवे लागलेले, भेटी खाली मांडलेल्या, खिडकी किंचित उघडी. तो नुकताच गेला!

सहा वर्षांच्या मुलीशी खोटं बोलायचं की नाही, हा तुमचा प्रश्न मला फार रास्त वाटतो. माझा सल्ला असा: स्वतःहून काही ठासून सांगू नका. तिने विचारलं, "खरंच येतो का?" तर विचारा, "तुला काय वाटतं?" बहुतेक वेळा मुलालाच ती गोष्ट खरी हवी असते आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळं होतं. तिने अगदी रोखून विचारलं तर खरं सांगा, पण त्याच वेळी एक जबाबदारी तिच्यावर टाका: हे गुपित आता तुझ्याकडे आहे, धाकट्याला आणि वर्गात कुणाला सांगायचं नाही. सहा वर्षांची मुलं गुपित मोठ्या अभिमानाने सांभाळतात. न सांभाळल्यास काय होतं ते विचारू नका. किटाच्या आवारात 'ते सगळं आईबाबाच आणतात' असं एकाने ओरडून सांगितलं की दुपारपर्यंत पाच पालकांचे फोन येतात. आणि 'शहाण्यासारखं वागलास तरच मिळेल' ही अट घालू नका. मग ज्या मुलाला कमी मिळालं ते मूल हिशोब काढतं, की मी शेजारच्या मुलापेक्षा वाईट आहे.

मुलीला पत्र लिहायचं असेल तर तीही सोय आहे. एंगेल्सकिर्खन आणि व्युर्त्सबुर्गजवळचं हिमेलश्टाट या गावांत क्रिस्टकिंडच्या नावे पत्रं येतात आणि मुलांना उत्तरं जातात; ब्रांडेनबुर्गमधल्या हिमेलफोर्टला वाइनाख्ट्समानची. लिफाफ्यावर आपला पत्ता ठळक लिहा आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच टाका. 'मला हे हवं, ते हवं' अशी यादीच असावी असं नाही. चित्र पाठवलं तरी चालतं.

सासूबाईंच्या काळजीकडे येते. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. इथे दिवाळीला सुट्टी नसते, त्या दिवशी शाळा, ऑफिस, आणि संध्याकाळी घाईघाईत पूजा व दोन फुलबाज्या, तीही शेजारी तक्रार करतील या धास्तीत. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम, संपली दिवाळी. उलट नाताळ महिनाभर, रस्त्यावर, शाळेत, दुकानात, सगळीकडे. मुलाच्या मनात कुठला सण मोठा ठरेल हे उघड आहे. पण यावर उपाय नाताळ छोटा करणं नाही, दिवाळी लांबवणं आहे. वाट बघायला लावणं ही जी युक्ती इथल्या लोकांना साधली, ती आपल्याकडेही होतीच. फराळाचे वास आठवडाभर आधी सुटायचे, किल्ल्यासाठी माती आणायची, हळीव पेरून ते उगवलं का म्हणून रोज वाकून बघायचं.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. त्या संध्याकाळी किटाची सगळी मुलं स्वतः केलेले कागदी कंदील काठीला लावून गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. ते कंदील आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी करायला घेतो. तुम्ही त्याच दिवसांत घरी आकाशकंदील करा, करंज्यांचं सारण मुलांकडून भरून घ्या, बाल्कनीत मोठ्या खोक्यात किल्ला करा. आणि मग किल्ला मोडू नका. नाताळात इथे क्रिप्पं मांडतात, गव्हाणीचा देखावा. मुलं जंगलातून शेवाळ, सालपटं, दगड गोळा करून आणतात, मेंढपाळ आणि मेंढरं रोज थोडी पुढे सरकवतात. मावळे मांडणाऱ्या मुलाला हे शिकवावं लागत नाही. एका मराठी घरात दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशीच डिसेंबरात गव्हाण आली होती आणि बुरुजावर पहारेकरी तसेच उभे होते. मुलाने आम्हाला फोटो आणून दाखवला तेव्हा सगळा वर्ग दिवसभर किल्ल्याबद्दलच विचारत होता. पुढच्या आठवड्यात आम्ही खोक्यांचे किल्ले केले.

आजी-आजोबांना या महिन्यात काहीतरी काम द्या, नुसतं व्हिडिओ कॉलवर 'हॅपी ख्रिसमस' म्हणायला लावू नका. चार रविवार आहेत, तर चार गोष्टी आजीच्या. हिवाळ्यात पुणे साडेचार तास पुढे असतं. इथे दुपारी चारला कॉल लावला तर तिकडे साडेआठ, आजीची जेवणं आटोपलेली आणि इथे तिन्हीसांजा व्हायला आलेल्या. दिवाळीतल्या चार पणत्या एका ताटात मांडा, त्या रविवारच्या जितक्या तितक्या लावा, शुभंकरोति म्हणा, मग आजीची गोष्ट. असं केलं की नातवंडांच्या नाताळात सासूबाईंचीही जागा होईल आणि त्यांची धास्तीही बरीच कमी होईल. हे दर वर्षी, तसंच, न चुकता करा. लहान मुलांना नवनव्या कल्पना नको असतात, मागच्या वर्षीचंच पुन्हा हवं असतं.

धर्माचा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाही, पण तो असणार. किटा चर्चची आहे की नगरपालिकेची, हे आधी बघा. चर्चच्या किटामध्ये प्रार्थना आणि येशूजन्माची गोष्ट असणारच. नगरपालिकेच्याही किटामध्ये गाणी, निकोलाउस, बिस्किटं असतात. तुम्हाला कुठे थांबायचंय ते शिक्षिकेला मोकळेपणाने सांगा, आम्हाला त्याचा राग येत नाही. २४ ला दुपारी चर्चमध्ये मुलांचं नाटुकलं असतं, उशांच्या खोळी पांघरलेल्या मेंढ्या, रडणारा एखादा देवदूत. ते सगळ्यांना खुलं असतं. जावंसं वाटलं तर अर्धा तास आधी जा, नाहीतर जागा मिळत नाही. नुसतं बसून बघितलं तरी कुणी काही म्हणत नाही. न जाणंही तितकंच ठीक.

खाण्याचं पटकन सांगते. शाकाहारी असाल तर किटाला लेखी द्या आणि त्यात जिलेटिन हा शब्द घाला, कारण ते प्राण्यांपासून काढतात आणि अस्वलाच्या आकाराच्या जेलीच्या गोळ्या, मार्शमेलो यांत ते असतं. श्टोलनमध्ये, म्हणजे नाताळच्या सुक्यामेव्याच्या गोड ब्रेडमध्ये, रममधले बेदाणे असू शकतात, काही चॉकलेटांच्या पोटात दारू असते, आणि इथलं स्वाबियन पद्धतीचं बटाट्याचं सॅलड बहुधा मांसाच्या रश्शात कालवलेलं असतं. किटामध्ये फराळ नेणार असाल तर घटकांची यादी चिकटवा, काजू-बदाम-तीळ ठळक लिहा. करंज्या मात्र जरूर न्या, इथल्या चंद्रकोरी बिस्किटांच्या शेजारी त्या छान शोभतात आणि आधी संपतात. शिक्षिकेला महागडी भेट देऊ नका; नगरपालिकेच्या नोकरीत आम्हाला ती घेता येत नाही. मुलाने काढलेलं चित्र आम्ही कपाटाच्या दारावर वर्षभर लावून ठेवतो.

ख्रिसमस मार्केटला शनिवारी संध्याकाळी बाबागाडी घेऊन जाऊ नका, गर्दीत मुलांना फक्त लोकांचे कोट दिसतात. मधल्या वारी चारच्या सुमाराला जा. एसलिंगनचा मध्ययुगीन बाजार तुमच्यापासून लोकलने जवळ आहे आणि मोठ्या मुलीला फार आवडेल. मुलांसाठी मागायचा तो किंडरपुन्श, बिनदारूचं गरम पेय; ग्लूवाइनमध्ये, म्हणजे गरम वाइनमध्ये, दारू असते आणि कप सारखेच दिसतात, तेव्हा कुणाच्या हातात कुठला आहे ते बघा. बहुतेक बाजार २४ पर्यंत गुंडाळलेले असतात, सुट्टीत जाऊ म्हणून ठेवलंत तर राहून जाईल.

झाड घ्यायचं तर लहान घ्या. खालच्या फांद्यांवर काचेचे गोळे नको, गवताच्या काड्यांच्या चांदण्या आणि लाकडी खेळणी लावा, तीन वर्षांचा मुलगा ती ओढणारच. दिवे विजेचेच. पणत्या पेटत्या ठेवून मुलांना खोलीत एकटं सोडू नका, आणि मेणबत्त्यांचं हिरवं कडं आणलंत तर चौथ्या आठवड्यात ते खडखडीत वाळलेलं असतं, हे विसरू नका.

आता ज्या तीन दिवसांनी नवीन माणूस खरोखर खचतो ते सांगते. २४ ला दुपारी दोनला दुकानं बंद होतात. २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी. २०२६ मध्ये २४ गुरुवारी आणि २७ रविवारी येते, म्हणजे गुरुवारी दुपारनंतर थेट सोमवारी दूध मिळेल. अगदीच अडलं तर मोठं रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंप. २४ च्या संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, बस क्वचित, प्रत्येक खिडकीत दिवे आणि आत सगळी आपापल्या माणसांत. पहिल्या वर्षी हे अंगावर येतं, आणि आईबाप उदास झाले की मुलांना ते लगेच कळतं. म्हणून आत्ताच एखाद्या कुटुंबाला सांगून ठेवा: २४ ला तुम्ही आमच्याकडे, २६ ला आम्ही तुमच्याकडे. तुमच्यासारखंच कुणी बंगळुरूचं, कुणी ब्राझीलचं असेलच किटामध्ये. स्वयंपाक साधा ठेवा. इथलीही कितीतरी घरं त्या रात्री फक्त बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खातात. तापाचं औषध घरात आहे का ते २३ लाच बघा. दवाखाने बंद असताना डॉक्टरांसाठी ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

आणि पुण्याची तिकिटं? या वर्षी नको, असं मला वाटतं. मुलगी पहिलीत आहे. शाळेत हजर राहण्याची सक्ती इथे काटेकोर असते. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या चार दिवस आधी निघायचं म्हटलं तर शाळेची लेखी परवानगी लागते, ती अशा कारणाला सहसा मिळत नाही, आणि दंड होऊ शकतो. बायर्नमध्ये सुट्टीआधीच्या दिवसांत विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना अडवून विचारलेलं आहे. शिवाय पहिलाच डिसेंबर मुलांनी वर्गाबरोबर काढला तर जानेवारीत त्यांच्याकडे बोलायला काहीतरी असतं, आणि भाषा त्या महिन्यात झपाट्याने येते. पुढच्या वर्षापासून आलटून पालटून करा, एक नाताळ इथे, एक पुण्याला. जाल त्या वर्षी ६ डिसेंबरचे बूट इथेच घासून मग विमानात बसा, सुट्टी त्यानंतरच लागते.